धावेचे दोन धर्म

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवतात, तिला मराठीत धाव म्हणतात. लोहार ती आगीत लाल करतो, प्रसरण पावलेली धाव चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. थंड होताना ती आकसते आणि चाकाला आवळून धरते. इंग्रजीतील टायर हा शब्दही मुळात अशाच लोखंडी पट्टीचा वाचक होता. या पट्टीकडून माणसाची अपेक्षा एकच असे : तिने लवकर झिजू नये. गाडी ओढण्याचे काम बैलांचे, आणि थांबवण्याचेही बव्हंशी त्यांचेच. मोटार आली आणि हे सारे पालटले. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे चाकाच्या कडेवर येऊन पडली. मोटारीचा टायर जमिनीला जेथे टेकतो ती जागा माणसाच्या पंजाहून फारशी मोठी नसते. अशा चार पंजांच्या आधारावर आतल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

हवा भरलेल्या टायरची कल्पना मोटारीहून जुनी आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसनने १८४५ साली तिचे पेटंट घेतले होते. पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि ती विस्मृतीत गेली. पुढे १८८८ साली बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी तोच शोध नव्याने लावला. दगडी रस्त्यावर मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे हादरे कमी व्हावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम या सायकलस्वाराने डनलॉपचे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. सुखासाठी जन्मलेली वस्तू वर्षभरातच वेगाच्या सेवेत दाखल झाली.

मोटारीच्या बाबतीत हा मार्ग इतका सुगम नव्हता. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची शर्यत झाली, तेव्हा आंद्रे आणि एदुआर या मिशलॅं बंधूंनी हवेचे टायर लावलेली आपली गाडी तीत उतरवली. वाटेत टायर पुन्हा पुन्हा पंक्चर झाले. सर्वांत आधी पोहोचलेल्या एमिल लेव्हासोरने ४८ तास ४८ मिनिटांत अंतर कापले होते. मिशलॅं बंधू त्याच्या कितीतरी मागाहून पोहोचले. तरीही ते पोहोचले, आणि हवेवर मोटार चालू शकते हे सिद्ध झाले. त्या काळी शर्यत गावोगावच्या सडकांवरच होत असे. रस्ता एकच, म्हणून टायरही एकाच जातीचा. जे शर्यतीत टिकेल ते प्रवासाला चांगले, हे समीकरण तेव्हा खरे होते.

ते हळूहळू खोटे ठरत गेले. १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग खुला झाला. जर्मनीतील न्यूरबर्गरिंग १९२७ साली तयार झाले. तेथे शर्यत नसेल त्या दिवशी कोणीही पैसे भरून आपली गाडी फिरवावी, अशी सोय आरंभापासूनच होती. घरची मोटार घेऊन शर्यतीच्या मार्गावर हौसेने वेग अजमावण्याचे जे दिवस आज देशोदेशी योजले जातात, त्यांचा हा एक जुना पूर्वज होय.

मार्ग वेगळा झाला, तसा टायरही वेगळा झाला. १९५० नंतरच्या दशकात शर्यतीच्या टायरवरही नक्षी असे. १९७१ साली स्पेनच्या ग्रां प्रीत फायरस्टोनने फॉर्म्युला वन गाड्यांना संपूर्ण गुळगुळीत टायर दिले. कारण सरळ होते : खाच म्हणजे जमिनीला न टेकणारे रबर. कोरड्या रस्त्यावर जेवढ्या खाचा कमी, तेवढी पकड अधिक. याचा उलटा दाखलाही इतिहासात आहे. गाड्यांचा वेग आवरण्यासाठी १९९८ साली फॉर्म्युला वनच्या नियामकांनी टायरवर खाचा सक्तीच्या केल्या, आणि २००९ साली त्या पुन्हा काढून टाकल्या.

मग रस्त्याच्या टायरला खाचा कशासाठी? तर पावसासाठी. चाकाखालचे पाणी बाजूला लोटण्यास वाट मिळाली नाही, तर विशिष्ट वेगाला टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो आणि सुकाणू हातात असूनही गाडी कोणाचीच राहत नाही. १९६३ साली नासा या अमेरिकन संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांसंबंधी या घटनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातील देशांत आज मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते, त्यामागील विचार हाच आहे.

दुसरा भेद रबराच्या घडणीत आहे. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीवर दबते, पुन्हा पसरते, आणि या घडामोडीत काही शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. हा खर्च हीच पुष्कळ अंशी पकड होय. शर्यतीचे रबर तापल्यावरच मऊ आणि चिकट होते. थंड असताना ते आपले काम अर्धवटच करते. रस्त्याच्या टायरला अशी सवड नसते. घराच्या फाटकातून बाहेर पडताच एखादे मूल आडवे आले, तरी त्याने पहिल्याच क्षणी गाडी थांबवली पाहिजे. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी मिशलॅंने रबरातील काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातली, तेव्हा ओल्या रस्त्यावरील पकड न गमावता इंधनाची बचत साधली. आजच्या वेगवान गाड्यांच्या रस्त्यावरील टायरांना या शोधाचा मोठा आधार आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जात उत्पन्न झाली आहे : कायद्यापुरत्या खाचा असलेला, पण स्वभावाने शर्यतीचा टायर. मिशलॅंचेच दोन टायर शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट होतो. अमेरिकेतील पद्धतीप्रमाणे टायरच्या टिकाऊपणाला अंक दिला जातो. अंक मोठा, तर आयुष्य अधिक. पायलट स्पोर्ट ४ एस या रस्त्याच्या टायरचा अंक ३०० आहे. पायलट स्पोर्ट कप २ या दुसऱ्या जातीच्या टायरचा बहुतेक मापांत १८०. दुसरा कोरड्या सर्किटवर अधिक वेगाने वळतो आणि तापला तरी दम टिकवतो. पहिल्याला तेथे सतत दामटले, तर त्याचे उंच ठोकळे वाकून तापतात, पकड सैल होते आणि कडा फाटू लागतात. म्हणजे सर्किटवर रस्त्याचा टायर दुबळा ठरतो, हे मान्यच केले पाहिजे. पण तो दुबळा ठरतो तो हळूहळू, चालकाला इशारा देत.

खरा प्रश्न उभा राहतो तो परतीच्या वाटेवर. भारतातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि २०११ पासून ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे मार्ग आहेत. हौशी चालक सकाळी स्वतःच्या गाडीने तेथे जातो, दिवसभर फेऱ्या मारतो आणि त्याच टायरांवर घरी निघतो. टायर आता थंड झालेले असतात, उथळ खाचा आणखी झिजलेल्या असतात, आणि वाटेत पावसाची जोरदार सर गाठते. दुपारी ज्या टायरने त्याला निर्भय केले, तोच संध्याकाळी त्याला दगा देऊ शकतो. टायरमध्ये काहीही बिघडलेले नसते. ज्या परिस्थितीसाठी तो घडवला, ती मागे राहिलेली असते.

लोहाराची धाव तापवून बसवावी लागे, पण काम करी ती थंड राहून. शर्यतीचा टायर थंड बसवतात, आणि तो काम करतो तापून. रस्त्याच्या टायरला मात्र थंडी, ऊन, पाऊस, चिखल यांपैकी काहीही नाकारता येत नाही. शर्यतीने रस्त्याला पुष्कळ शिकवले आहे, आणि ते ऋण मोठे आहे. तथापि सर्किटवर उद्या काय घडणार, हे बऱ्याच अंशी आधी ठरवता येते. रस्त्यावर पुढच्या वळणापलीकडे काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. टायर निवडताना वेगाचा अंक पाहण्याआधी एवढा विचार केला, तर सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे सार हाती लागले असे म्हणता येईल.