‘हँड’ : जिवंत हात आणि मेलेला हात

इंग्रजीतील ‘हँड’ हा शब्द शाळकरी मुलासही ठाऊक असतो. परंतु कायद्याच्या प्रांतात त्याचे अर्थ कसे पालटत गेले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजी दस्तांच्या अखेरीस ‘हँड अँड सील’ ही जोडी येते. तेथे हात म्हणजे सही. आपल्याकडेही वलभीच्या मैत्रक राजांच्या दानपत्रांत अखेरीस ‘स्वहस्तो मम’ ही अक्षरे आढळतात. हात ही वचनाची साक्ष, ही कल्पना दोन्हीकडे एकच. गिरण्यांच्या युगात ‘हँड’ म्हणजे मजूर झाला. १८५४ साली ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत डिकन्सने त्या शब्दातील निष्ठुरता उघडी केली. माणूस गेला, हात तेवढे उरले!

देवस्थानांशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी मात्र या शब्दाचा तिसरा उपयोग अवश्य ध्यानी घ्यावा. तो म्हणजे ‘डेड हँड’, मेलेला हात. इंग्लंडच्या कायद्यात यासच जुन्या फ्रेंच शब्दाने ‘मॉर्टमेन’ म्हणत. मठास दिलेली जमीन कायमची अडकून पडे. कारण मठाला मरण नाही आणि वारसही नाही. वारसाच्या प्रसंगी सरंजामी धन्यास मिळावयाचे उत्पन्न त्यामुळे बुडे. म्हणून पहिल्या एडवर्ड राजाने १२७९ साली अशा दानांस बंदी केली. पुढे १७३६ च्या कायद्याने मृत्युपत्रान्वये धर्मादायास जमीन देण्यास आळा घातला. मरणशय्येवरील माणसाने वारसांस उघडे टाकून दान करू नये, हा त्यातील हेतू. हे निर्बंध इंग्लंडात १९६० साली संपुष्टात आले.

आपल्या न्यायाची दृष्टी निराळी आहे. हिंदू कायद्याने देवतेस व्यक्ती मानले. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील कुलदेवतेच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हेच सांगितले, आणि मूर्तीचे हित पाहण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी असावा असेही म्हटले. म्हणजे ज्या हाती देवस्वाची जमीन आहे तो हात मेलेला नव्हे. तो देवाचा हात आहे.

परंतु देव स्वतः हिशेब लिहीत नाही. त्याकरिता माणसांचे हात लागतात. गोव्यात महाजनांच्या कारभारास १९३३ साली पोर्तुगीज अमदानीत नियमांची चौकट मिळाली, आणि १९६१ नंतरही ती चालू राहिली. देणगीच्या पावतीवर ‘हस्ते’ असा एक रकाना असतो. ज्याच्या हातून पैसा आला त्याचे नाव तेथे पडते. पण दाता तो नसतो, हे कोणासही सांगावे लागत नाही. महाजन, पुजारी, विश्वस्त यांचा अधिकारही नेमका तेवढाच. देवाच्या जमिनीचे ते धनी नव्हेत, ‘हस्ते’ आहेत.

पोहोचविणारा हात जेव्हा राखून ठेवू लागतो, दप्तर दाखविण्यास कचरतो, तेव्हा बाहेरच्या कोणी देवस्वावर ‘मेलेला हात’ असा शिक्का मारला तर त्यास उत्तर काय द्यावयाचे? आमच्या मते त्याचे उत्तर एकच : दरवर्षी वेळेवर वाचून दाखविलेला हिशेब.