पारदर्शक विद्युत्वाहक पापुद्रे : कॅडमियमपासून कार्बन-नलिकांपर्यंत

वाचकहो, मोबाईलच्या पडद्याला आपण बोट लावतो आणि यंत्राला ते कळते. हे कसे घडते याचा विचार आपण क्वचितच करतो. काच प्रकाश जाऊ देते, पण वीज नेत नाही. तांबे वीज नेते, पण प्रकाश अडवते. या दोन गुणांचा मेळ घालण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेडेकर यांनी कॅडमियमचा अतिशय पातळ थर हवेत तापवला. तो पारदर्शक झाला, तरीही त्यातून वीज वाहत होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचांवर बर्फ साचू नये म्हणून कथिलाच्या ऑक्साइडचा लेप कामी आला. पुढे इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण आले, आणि पडद्यांच्या उद्योगात आजही त्याचेच वर्चस्व आहे.

इंडियमचा शोध १८६३ साली फ्रायबर्ग येथे लागला. फर्डिनांड राइश यांना रंग ओळखता येत नसत. म्हणून वर्णपटातील निळी रेषा त्यांचे सहकारी थिओडोर रिश्टर यांनी पाहिली. त्या रंगावरून धातूला नाव पडले, आणि निळीचे ते युरोपीय नाव मुळात हिंदुस्थानावरून आलेले! मात्र हा धातू जस्ताच्या खनिजाबरोबर थोडाथोडाच निघतो. शिवाय त्याचा लेप ठिसूळ असतो; वाकवला की तडकतो.

१९९१ साली जपानचे सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या सूक्ष्म नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली फ्लॉरिडा विद्यापीठात अँड्र्यू रिंझलर यांच्या गटाने अशा नलिका साबणासारख्या द्रव्याच्या पाण्यात मिसळून बारीक गाळणीतून गाळल्या. जेथे थर जाड होई तेथे पाण्याची वाट मंदावे व ते पातळ जागी वळे. त्यामुळे थर आपोआप सारखा बसे. मग तो काचेवर चिकटवून गाळणी विरघळवली. ५० नॅनोमीटर जाडीच्या त्या पापुद्र्यातून ७० टक्क्यांहून अधिक दृश्य प्रकाश जाई, आणि त्याचा रोध चौरसामागे ३० ओहम होता.

तरी अडचण उरलीच. नलिकेतून वीज सहज धावते, पण एकीवरून दुसरीवर जाताना अडखळते. त्यावर लांब नलिका वापरणे, नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करणे, चांदीच्या सूक्ष्म तारांची जोड देणे असे उपाय झाले. असा पापुद्रा वाकवला तरी टिकतो. मात्र तेवढ्याच पारदर्शकतेला वीज वाहण्यात इंडियमचा लेप अजून सरस ठरतो.

विद्यार्थी मित्रहो, ज्या शास्त्रज्ञाला रंग दिसत नव्हता त्याच्या प्रयोगशाळेत निळी रेषा सापडली, कारण त्याने सहकाऱ्याची मदत घेतली. ही शर्यतही संपलेली नाही. तिच्यात तुम्हालाही जागा आहे.