तळटीप : पट्टा बांधून केलेला व्यायाम

* या पद्धतीत रक्तप्रवाह पूर्ण थांबवत नाहीत. मांडीच्या किंवा दंडाच्या मुळाशी हवेचा पट्टा बांधतात आणि धमनी बंद व्हायला लागणाऱ्या दाबाच्या साधारण ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. रक्त आत येते, पण कमी. शिरांतून परतताना मात्र अडते. स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो, तो लवकर थकतो आणि एरवी जड वजनालाच कामाला लागणारे तंतू हलक्या वजनालाही जागे होतात. जपानच्या योशिआकी सातो यांनी रुजवलेल्या या पद्धतीचा खरा उपयोग गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर दिसतो. मांडीचा पुढचा स्नायू तेव्हा झपाट्याने झडत असतो, आणि कमाल क्षमतेच्या ७० टक्के वजन सांध्याला झेपत नाही. २० ते ३० टक्के झेपते : पहिल्या फेरीत ३० आवर्तने, पुढच्या तिन्हींत पंधरा-पंधरा. जड वजनाने ताकद अधिक वाढते हा आक्षेप खराच. २०१७ च्या एका आढाव्यातही तेच दिसले. पण त्याच आढाव्यात नुसत्या हलक्या वजनापेक्षा पट्ट्यासह हलके वजन सरस ठरले, आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापुढे निवड असते ती या दोहोंतच. रक्ताच्या गुठळीची भीती अधिक गंभीर आहे. जपानमधल्या सर्वेक्षणात अशा घटना फार विरळ आढळल्या, तरी शस्त्रक्रियेनंतर हा धोका मुळातच वाढलेला असतो. म्हणून गुठळीचा पूर्वेतिहास आधी विचारलाच पाहिजे आणि दाब ज्याच्या-त्याच्या पायावर मोजूनच ठरवला पाहिजे. घरी इलॅस्टिकची पट्टी अंदाजाने आवळून हा प्रयोग कोणीही करू नये. — संपादक