शून्य की ‘ओ’?

अंगठ्याएवढा पितळी बुश. त्याच्या कडेवर लेसरने दोन ओळी कोरल्यात. त्या वाचायच्या तर मला चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागतो. खालची ओळ पार्ट नंबरची. वरच्या ओळीत फक्त पाच खुणा, काही आकडे, काही अक्षरं. माल कुणी बनवला, ते या पाचांत येतं. भोसरीतल्या गाळ्यात माल बनवतात ते वेगळे. मी टेंडरची आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळते.

पहिल्या लॉटला खोक्यावरचं लेबल टाइप करताना माझ्याकडून शून्याऐवजी ‘ओ’ दाबला गेला. बुश ड्रॉइंगबरहुकूम, माप चोख. पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने लेबलचा फोटो परत पाठवला : या कोडमध्ये ‘ओ’ असूच शकत नाही. शून्य आणि एकशी गल्लत होते म्हणून ‘ओ’ आणि ‘आय’ त्यातून मुळातच वगळलेत. लेथवरचा पोरगा म्हणाला, “ताई, आम्ही दोन शतांश चुकलो की तुम्ही केवढं बोलता!” गप्प बसले.

या कोडला ‘केज’ म्हणतात, कमर्शियल अँड गव्हर्नमेंट एंटिटी. इंग्रजीत केज म्हणजे पिंजरा. नाव ठेवणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. अमेरिकी कंपन्यांना तो मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावातून मिळतो, आपल्यासारख्या बाहेरच्यांना त्याच साच्यातला ‘एनकेज’.

बॅटल क्रीकच्या ज्या इमारतीतून हा कोड मिळतो, ती मुळात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम. होय, कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग. श्रीमंत लोक तिथे पथ्यपाणी करायला जात. १९४२मध्ये सैन्याने वास्तू विकत घेतली आणि तिथे पर्सी जोन्स लष्करी रुग्णालय उभं राहिलं. हातपाय गमावलेले जवान तिथे येत. इटलीत उजवा हात गमावलेले डॅनियल इनोये आणि तिथेच जबर जखमी झालेले बॉब डोल यांची ओळख याच रुग्णालयातली. फिलिप हार्ट हेही तिथलेच रुग्ण. पुढे तिघेही सिनेटर झाले आणि २००३मध्ये इमारतीला तिघांचं मिळून नाव दिलं गेलं. १९५०च्या दशकात रुग्णालय बंद झालं आणि त्या खोल्यांतून सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. मालाच्या याद्यांचं काम तिथे आलं ते असं.

याद्या लागल्या कारण महायुद्धात फार घोळ झाला होता. भूदलाची यादी वेगळी, नौदलाची वेगळी. एकच बेअरिंग दोघांच्या गोदामांत दोन नावांनी पडलेलं. एकाकडे ढिगाने, दुसरा नव्याने मागवतोय. रूझवेल्टनी १९४५मध्ये सगळ्यांची मिळून एकच यादी करायला सांगितलं, १९५२मध्ये तसा कायदा झाला. वस्तूला नंबर द्यायचा तर ती कुणाच्या कारखान्यातली, हेही नोंदवावं लागतं. म्हणून कारखान्यालाही नंबर आला. म्हणजे हा कोड मुळात स्टोअरकीपरच्या सोयीचा. कंत्राट मागणाऱ्याच्या गळ्यात तो नंतर पडला.

केजशिवाय कंत्राटदाराला आणखी एक नंबर लागतो. तो आला सावकारीतून. न्यू यॉर्कचे टॅपन बंधू रेशमाचे व्यापारी. १८३७च्या मंदीत उधारीने त्यांचं दुकान बुडवलं. धाकट्या लुइसने त्यातून धडा घेतला आणि १८४१मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली : गावोगावचे वकील, दुकानदार कळवणार, कोण उधारीला लायक आणि कोण नाही. पितो का, सासऱ्याकडे पैसा आहे का, असलं सगळं वहीत जायचं. कळवणाऱ्यांत अब्राहम लिंकन नावाचा एक वकीलही होता. आपल्याकडे पेढीवर बसून ‘त्याची पत कशी आहे हो?’ म्हणून हळूच विचारायचे, तेच हे, फक्त टपालाने. गुलामगिरीविरुद्ध झगडणारा हा भला माणूस लोकांच्या पतीची चोपडी ठेवत होता, याची मला गंमत वाटते.

त्या एजन्सीची पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली आणि १९६०च्या दशकात तिने नऊ आकड्यांचा ‘डन्स’ नंबर काढला. अमेरिकी सरकारनेही तोच उचलला. आपल्याकडच्या संस्थांनाही अमेरिकी सरकारी अनुदानासाठी तो घ्यावा लागायचा. पण सरकारच्या कंत्राटदारांची ओळख एका खाजगी कंपनीच्या मालकीची, हे कुणालाही खटकावं असंच होतं. अखेर ४ एप्रिल २०२२पासून डन्स गेला आणि सरकारचा स्वतःचा बारा खुणांचा ‘यूईआय’ आला.

यूईआय काढताना माझे दोन महिने गेले ते पत्त्यापायी. आमच्या जुन्या कागदांवर पत्ता असा : गाळा नंबर, प्लॉट नंबर, अमुक बँकेच्या मागे. फॉर्मला रस्त्याचं नाव हवं. ‘मागे’ हा शब्द घालायला त्यात चौकट नाही. शिवाय एका कागदावर ‘प्रा. लि.’ आणि दुसऱ्यावर पूर्ण ‘प्रायव्हेट लिमिटेड’. तपासणाऱ्याच्या लेखी त्या दोन कंपन्या. नवीन वीजबिल, नवीन प्रमाणपत्र, पुन्हा अपलोड.

त्या बारा खुणांतही ‘ओ’ आणि ‘आय’ नाहीत. तरी पॅकिंगच्या आधी लेथवरचा पोरगा माझं लेबल मागून घेतो आणि प्रत्येक शून्यावर बॉलपेनने तिरकी रेघ मारतो.