कोशातील कल्पित नोंदी: वाचनसंकेतांचा एक इतिहास

कोश आणि कथात्म साहित्य ही वाङ्मयव्यवहाराची दोन विरुद्ध टोके होत, असे आपण गृहीत धरतो. विद्वन्मान्य कोशांत शिरलेल्या कल्पित नोंदींचा इतिहास या गृहीताची परीक्षा पाहतो.

न्यूयॉर्कच्या ॲपलटन या प्रकाशनसंस्थेचा अमेरिकन चरित्रकोश १८८९ पर्यंत सहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांना मजकुराच्या लांबीनुसार मोबदला मिळत असे. १९१९ मध्ये न्यूयॉर्क वनस्पतिउद्यानातील जॉन हेंडली बार्नहार्ट यांनी या कोशातील १४ वनस्पतिशास्त्रज्ञ कधी अस्तित्वातच नव्हते, हे दाखवून दिले. जन्ममृत्यूची साले, प्रवास, ग्रंथनामे असा सारा तपशील या नोंदींत यथास्थित होता. पुढे अशा आणखी नोंदी उघडकीस आल्या. येथे कल्पिताची कोणतीही खूण वाचकाला दिलेली नव्हती. म्हणूनच ती शुद्ध फसवणूक ठरते.

विसाव्या शतकातील उदाहरणांचे स्वरूप वेगळे आहे. ग्रोव्हच्या संगीतकोशाच्या १९८० च्या आवृत्तीत एस्रुम-हेलरुप हा डॅनिश संगीतकार अवतरला. त्याचे आडनाव डेन्मार्कमधील दोन स्थलनामे जोडून बनविलेले होते. पुढील मुद्रणांतून ही नोंद वगळण्यात आली. ‘डेर नॉये पाउली’ या अभिजात विद्येच्या जर्मन कोशाच्या १९९६ च्या पहिल्या खंडात ‘अपोपुडोबालिया’ या प्राचीन चेंडूखेळाची नोंद आहे. फुटबॉलचा हा कल्पित पूर्वज रोमन सैन्याबरोबर ब्रिटनला पोहोचला, असे ती सांगते. संदर्भांत झामर या जर्मन फुटबॉलपटूच्या नावाचा गौरवग्रंथही दिलेला आहे.

या नोंदींत खूण आहे; परंतु ती कोणासाठी? ग्रीक आणि फुटबॉल दोन्ही जाणणाऱ्यालाच ती उमगते. विनोदाचा करार तज्ज्ञांच्या लहानशा वर्तुळापुरता असतो. वर्तुळाबाहेरचा विद्यार्थी तीच नोंद प्रमाण मानून आपल्या टिपणात उतरवितो. म्हणजे एकच संहिता एका वाचकासाठी विडंबन आणि दुसऱ्यासाठी असत्य ठरते. हा भेद संहितेत नसून वाचकाच्या स्थानात आहे.

यावरून कोश अविश्वसनीय आहेत, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. कोशाची निर्विकार, त्रोटक शैली ही सत्याची हमी नाही, एवढेच येथे सिद्ध होते. ती शैलीही एक वाङ्मयीन संकेतच आहे. बार्नहार्ट यांनी त्या शैलीवर विसंबून न राहता नोंदीबाहेरचा पुरावा तपासला. चरित्रकोशातील असत्य उघडे पडण्यास मात्र तीस वर्षे लागली, आणि तोवर त्या १४ जणांना अभ्यासकांच्या जगात निर्वेध अस्तित्व लाभले होते.