शेवटच्या प्रश्नाचे उत्तर



आमच्या कोपरगावच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलन जवळ आलं, की वक्तृत्वाच्या आणि प्रश्नमंजूषेच्या मुलामुलींची तयारी करून घेण्याचं काम बहुधा इतिहासाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. इतिहासवाल्याला सगळंच ठाऊक असतं, असा एक प्रेमळ गैरसमज आहे. मीही तो मोडत नाही. मागे अशाच एका दुपारी आठशे मीटर धावणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. रोज सकाळी एस.टी.नं येऊन पहिल्या तासाच्या आधी मैदानावर फेऱ्या मारणारी मुलगी. तिनं कुठंसं मधू सप्रे यांच्याविषयी वाचलं होतं. मला म्हणाली, "सर, सौंदर्यस्पर्धेत शेवटच्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिलं, ते चूक होतं का हो?"

प्रश्न साधा, पण मला पटकन काही सांगता येईना. चूक की बरोबर हे ठरवायचं तर आधी परीक्षा कसली, ती कोणी सुरू केली आणि गुण कशाला मिळतात, हे पाहायला हवं. त्यापायी जी थोडी उठाठेव केली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

या स्पर्धांचा उगम शोधू गेलं, तर तो एखाद्या कलामंदिरात सापडत नाही, सापडतो बाजारात. अमेरिकेत अटलांटिक सिटी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. उन्हाळा सरला की पाहुणे घरोघर परतत आणि हॉटेलं ओस पडत. तिथल्या व्यापाऱ्यांनी १९२१ साली युक्ती काढली, सुंदर मुलींची स्पर्धा भरवली आणि पाहुण्यांचा मुक्काम लांबवला. आपल्याकडे यात्रा लवकर उठू नये म्हणून कुस्त्यांचा फड शेवटच्या दिवशी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. 'मिस अमेरिका' ती हीच. पुढे १९५१ च्या विजेतीनं पोहण्याच्या पोशाखात गावोगाव मिरवायला नकार दिला, तेव्हा तो पोशाख बनवणारी कंपनी रुसली आणि तिनं आपली वेगळी चूल मांडली. १९५२ साली सुरू झालेली 'मिस युनिव्हर्स', म्हणजे विश्वसुंदरी, ती या रुसव्यातून जन्मली. लंडनमधली 'मिस वर्ल्ड', आपली जगत्सुंदरी, तिच्याआधी एक वर्ष, १९५१ साली, सुरू झाली होती.

आता आपल्याकडे वळू. पोहण्याच्या पोशाखावरून महाराष्ट्रात पहिला मोठा गहजब झाला तो स्पर्धेमुळे नव्हे, तर सिनेमामुळे. १९३८ साली मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' आला. लेखन आचार्य अत्र्यांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर या पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि सोवळ्या मंडळींनी कपाळाला हात लावला. चित्रपट मात्र गर्दीनं पाहिला गेला. मोठी मौजेची गोष्ट अशी, की याच मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर १९९३ साली 'मिस इंडिया' झाली. आजीच्या आणि नातीच्या मध्ये पंचावन्न वर्षं गेली होती, आणि तेवढ्यात गहजबाची जागा अभिनंदनाच्या हारतुऱ्यांनी घेतली होती.

भारताची पहिली सुंदरी म्हणून १९४७ साली प्रमिला यांची निवड झाली. मूळ नाव एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातल्या, सिनेमात नाव मिळवलेल्या. पुढे १९६७ साली त्यांच्या मुलीनंही असाच किताब मिळवला. १९५२ च्या पहिल्यावहिल्या विश्वसुंदरी स्पर्धेला भारतातून गेल्या त्या इंद्राणी रहमान, शास्त्रीय नृत्यात पारंगत, विवाहित आणि लेकुरवाळ्या. कॅलिफोर्नियात पोहण्याच्या पोशाखात उभ्या राहिल्या, पण कपाळावरचं कुंकू आणि केसातला गजरा त्यांनी काढला नाही. मुकुट गेला फिनलंडच्या मुलीकडे. आणि त्याच फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला, त्याच वर्षीच्या जुलैत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुस्तीत जिंकलं. तेही लोकांनी वर्गणी काढून प्रवासखर्च जमवला तेव्हा. ही गोष्ट मी उगाच मध्ये घातलेली नाही. पुढे तिचं काम पडणार आहे.

साठीच्या दशकात या स्पर्धा इंग्रजी स्त्री-मासिकांच्या हाती गेल्या. 'ईव्ह्ज वीकली'ची एक, 'फेमिना'ची एक. फेमिनाची स्पर्धा १९६४ पासूनची. ईव्ह्ज वीकलीची १९६६ ची विजेती रीटा फारिया ही गोव्याच्या घराण्यातली, मुंबईत जन्मलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकणारी मुलगी. लंडनला निघताना तिच्याजवळ साडी होती ती मैत्रिणीची, पोहण्याचा पोशाख होता तो पर्सिस खंबाटाकडून उसना आणलेला, असं पुढे तिनंच मुलाखतीत सांगितलं. डॉक्टर का व्हायचंय, असं तिथं विचारलं तेव्हा, देशाला बाळंतपणाच्या आणि स्त्रियांच्या डॉक्टरांची गरज आहे, असं उत्तर तिनं दिलं. १७ नोव्हेंबर १९६६ रोजी ती जगत्सुंदरी झाली, भारताची पहिली. वर्षभर मुकुट मिरवला आणि मग? सिनेमावाल्यांना आणि जाहिरातवाल्यांना नमस्कार करून ती पुन्हा पुस्तकांकडे वळली, डॉक्टर झाली आणि पुढे आयर्लंडला स्थायिक झाली. सौंदर्यस्पर्धेत दिलेलं उत्तर अक्षरशः खरं करून दाखवणाऱ्या मुली फार नसतील.

ही स्पर्धा चालते कशी, तेही थोडक्यात सांगतो, कारण पडद्यावर दिसतो तो फक्त शेवटचा एक तास. मुलगी अविवाहित हवी, वय अठरा ते पंचविशीच्या आसपास, उंचीची किमान अट. अलीकडच्या काही वर्षांत ती पाच फूट तीन इंच आहे. २०१७ पासून राज्याराज्यांतून एकेक प्रतिनिधी निवडण्याची पद्धत पडली. निवडलेल्या मुलींना काही आठवडे शिकवणी असते: चालायचं कसं, थांबायचं कुठं, बोलताना हात कुठं ठेवायचे. मग पोटस्पर्धा, परीक्षकांपुढे मुलाखत, वेगवेगळ्या पोशाखांतल्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत गुण पडतात आणि चाळणी बारीक होत जाते. अखेरीस चार-पाच जणी उरतात. तिथवर रूप, उंची आणि चालणं यांचं काम संपलेलं असतं. मग येतो प्रश्न. विचार करायला क्षणभर, बोलायला अर्धं मिनिट. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेत तीन तास देतो, तरी मुलं पुरवणी मागतात!

मधू सप्रे नागपूरची. सौंदर्यस्पर्धेत येण्यापूर्वी ती मैदानावरची खेळाडू. १९९२ ची मिस इंडिया होऊन ती मे महिन्यात बँकॉकला विश्वसुंदरी स्पर्धेला गेली आणि शेवटच्या तिघींत पोचली. प्रश्न आला: तू तुझ्या देशाची प्रमुख झालीस, तर पहिली गोष्ट काय करशील? अशा वेळी गरिबी हटवीन, शांतता नांदवीन, मुलांना शिकवीन, असं म्हणायचं असतं, हे तिला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तिनं सांगितलं ते असं, की गरिबी काही एका दिवसात जाणार नाही. आमच्याकडे खेळाडूंना सोयी नाहीत, तेव्हा मी मोठं क्रीडांगण उभारीन. मुकुट नामिबियाच्या मुलीला मिळाला, मधू तिसरी आली. या उत्तरानंच मुकुट घालवला, असं तेव्हापासून बोललं जातं.

आता हेलसिंकीची आठवण करा. त्या १९५२ च्या पदकानंतर चाळीस वर्षांत एकाही भारतीयाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालेलं नव्हतं. आणि बँकॉकच्या त्या रात्रीनंतर अडीच महिन्यांनी बार्सिलोनाला ऑलिंपिक भरलं, तिथून आपला चमू एकही पदक न घेता परत आला. पुढचं वैयक्तिक पदक १९९६ ला लिएंडर पेसचं आणि भारतीय स्त्रीचं पहिलं पदक २००० साली कर्णम मल्लेश्वरीचं. म्हणजे आजार कुठं आहे हे त्या मुलीनं अचूक सांगितलं होतं. फक्त ते सांगण्याची जागा, म्हणाल तर, तिनं अवघड निवडली होती.

दुसरं उत्तर पाहा. १९९४ साली गोव्यात फेमिनाची अंतिम फेरी झाली. सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण सारखे झाले, म्हणून दोघींना आणखी एकेक प्रश्न. ऐश्वर्याला विचारलं, दोन परदेशी दूरदर्शन-मालिकांतल्या नायकांपैकी कोणाचे गुण नवऱ्यात असावेत? (हा प्रश्न कोणी काढला असेल, देव जाणे.) सुष्मिताला विचारलं, देशाच्या वस्त्रपरंपरेविषयी काय सांगशील? तिनं सांगितलं, ही परंपरा महात्मा गांधींच्या खादीपासून सुरू झाली. उत्तर आत्मविश्वासाचं, बोलणं गोड, आणि मुकुट तिचा झाला. त्याच वर्षी ती मनिलाला विश्वसुंदरी झाली आणि ऐश्वर्या जगत्सुंदरी. दोघींच्या यशाला कमीपणा आणायचा नाही. पण इतिहासाच्या पेपरात हे उत्तर आलं असतं, तर मी शेजारी लाल रेघ ओढली असती. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचा तुकडा सापडला आहे. ते राहू द्या. आमच्या कोपरगावातून मनमाडच्या रस्त्याला लागलं की येवला लागतं. तिथं पैठणी विणली जाते. जिच्यावरून तिचं नाव पडलं ते पैठण आमच्याच गोदावरीच्या काठावर, खाली आहे. खादीनं देश उभा केला हे खरं, पण माग त्याआधी हजारो वर्षं चालतच होता.

तेव्हा शेवटच्या प्रश्नाला गुण माहितीचे नसतात. खरेपणाचे असतात, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ऐकणाऱ्याला बरं वाटेल असं काही धीटपणे, न अडखळता सांगितलं, याचे ते असतात. हा दोष मुलींचा नव्हे, मोजपट्टीचा आहे. आणि ती पट्टी काही देवाघरून आलेली नाही. अमेरिकेत १९६८ साली स्त्रियांनी मिस अमेरिकेच्या दारात एका जिवंत मेंढीला मुकुट घातला. जनावरांच्या प्रदर्शनात आणि इथं फरक काय, हा त्यांचा सवाल. आपल्याकडे १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरीची स्पर्धा भरली तेव्हा स्त्री-संघटना, संस्कृतिरक्षक आणि कर्नाटकातले शेतकरी, असे एरवी एका बाकावर न बसणारे लोक विरोधाला उभे राहिले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. २०१५ पासून जगत्सुंदरीनं ती फेरी काढूनच टाकली. विश्वसुंदरीनं २०२३ पासून विवाहित स्त्रिया आणि माता यांना दार उघडलं आणि त्यानंतर वयाची वरची मर्यादाही उठवली. १९५२ साली इंद्राणीबाई ज्या दारातून सरळ आत गेल्या होत्या, ते मधल्या काळात बंद होऊन पुन्हा उघडायला एवढी वर्षं लागली.

हे सगळं मी त्या विद्यार्थिनीला दोन-तीन दुपारी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे उत्तर बरोबर होतं." मी म्हटलं, "माझ्या पेपरात पूर्ण गुण." मग गंमत म्हणून विचारलं, "तुला हाच प्रश्न आला तर?"

ती क्षणभरही थांबली नाही. "सर, स्टेडियम नंतर. तालुक्याच्या स्पर्धेला जातो तिथं आधी मुलींना कपडे बदलायला एक खोली बांधीन, कडी असलेली. मग धावपट्टी." एवढं बोलून तिनं घड्याळ पाहिलं आणि दप्तर उचललं, शेवटची एस.टी. सुटायला दहा मिनिटं उरली होती.