इंजिन जपलं, कसबाचं काय?
ब्रिटनमध्ये 1950च्या दशकातल्या कित्येक डिझेल रेल्वेकार निवृत्तीनंतरही स्वयंसेवकांनी चालवलेल्या वारसा रेल्वेमार्गांवर धावतात. नागपूरच्या मोतीबागेत 2002 साली नॅरोगेज संग्रहालय उघडलं. तिथे मात्र जुनी वाफेची इंजिनं प्रदर्शनात नुसती उभी आहेत. मँचेस्टरमध्ये 1921 साली घडलेलं शकुंतला या नॅरोगेज रेल्वेचं इंजिन 1994पर्यंत वऱ्हाडात राबलं, ते इथल्या फिटरांच्या देखभालीच्या जोरावर. म्हणून नुसतं लोखंड जपणं अपुरं ठरतं.

अर्थात, नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज 2015मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, ते प्रवाशांच्या सोयीचंच होतं. 762 मिलिमीटरच्या रुळांना आजची वाहतूक पेलवली नसती. जुनी इंजिनं चालती ठेवण्याच्या खर्चाचा आक्षेपही रास्त आहे. पण कसब टिकवायला अख्खा मार्ग लागत नाही. एक इंजिन चालतं ठेवलं, तरी दुरुस्तीचं कसब पुढच्या हातांत जाईल.